हंबीरच्या तोंडून

बोगद्याची कॉलनी, मनालीच्या वर
१५ जून २०२५

ताईस,

राग असंल तर असू दे. कागद चुलीत घालायच्या आधी एकदा वाच. हंबीरच्या जिवाचा प्रश्न हाय.

काल रसदीची गाडी वर आली, तिच्यात ऋतुराजचं पाकीट. ह्या डोंगरात टॉवर न्हाय. आठवड्यातनं एकदा गाडी येती आन जाती, तेवढंच काय ते जग. पाकीट फोडलं आन वाचता वाचता मी वरच्या बंकवरनं खाली उडीच मारली. ऋत्यानं लिवलंय, "गुंड्या, तुझी खुर्ची वाचली. राजवीर म्हणत हुता, गुंडू गेला हिमाचलात, आता त्याचा हंबीर वाघानं खाल्ला म्हणू आन माझ्या मेव्हण्याला बसवू. तेवढ्यात तुझी ताई च्या घेऊन आली. ट्रे ठेवला, तुझ्या खुर्चीत बसली आन म्हणली, आणा तो फासा. हंबीर मी खेळतो. वाघ कसला खातोय त्याला."

ताई, तू! वरीसभर आमच्या खेळाला रिकामटेकड्यांचा सत्संग म्हणत आलीस. रविवारी दुपारी खानावळ रिकामी झाली की आम्ही चार टाळकी तुझ्या टेबलाला बसायचो, आन तू फडकं मारायचीस ते आमच्या कोपरांसकट. आन आता तूच फासा टाकणार!

माझ्याशी बोलणार न्हाईस हे बी ऋत्यानं लिवलंय. बरं. मी निघालो त्या सकाळचं मी बी काय काढत न्हाय. ह्या कागदात फक्त खेळाचं.

तर ऐक. ऋत्या गोष्ट रचतोय, आम्ही एकेक पात्र होऊन ती खेळतो, आन पात्र मेलं की खुर्ची गेली, ही आमची अट तुला म्हाईत हाय. खुर्च्या चारच, आन राजवीरचा मेव्हणा शिरोलीत हेल्मेट घालून तयार बसलाय. हंबीर मेला की उचगावात माझं नाव राहिलं ते रेशनकार्डावर. म्हणून त्याला जगवायचा, कसा बी.

आता हंबीर कसा हाय ते समजून घे. ऋत्या परत्येकाला तीस गुण देतोय, ते सहा घरांत वाटायचं. ताकद, चपळाई, नजर, डोकं, हात आन जीभ. हात म्हंजे हातातली कला, जीभ म्हंजे बोलून काम करून घेणं. काय करायचं म्हणलं की वीस तोंडांचा फासा टाकायचा, त्यात त्या घरातलं गुण मिळवायचं. अवघड कामाला वीस लागत्यात.

मोनाचं पात्र, ती सगुणा, बघितलीस न्हवं? सगळ्या घरांत पाच-पाच. म्हंजे सटरफटर मालाचं दुकान, सगळं मिळतंय आन धड काय न्हाय. माझ्या हंबीरला ताकदीत अठरा. बाकीच्या घरांत चिल्लर. जिभेत शून्य. ऋत्या त्याला इंग्लिशमधी मिन-मॅक्स म्हणतोय. मी म्हणतो एक घर ठासून भरायचं आन बाकीच्यांनी उपाशी झोपायचं. फासा दोनवर पडला तरी हंबीर भिंत पाडतोय! ह्याच्यापेक्षा भारी काय असतंय का?

तुझं काम एवढंच. ऋत्यानं इचारलं, हंबीर काय करतो? की म्हणायचं, हाणतो. इचार करायचा न्हाय. आन बोलायचं तर अजाबात न्हाय. बोलायला गेलीस तर जिभेच्या घरात काय न्हाय, सरळ फाशावर वीस पडायला लागतंय.

हाणतो. तीनच अक्षरं हायेत.

तुझा गुंडू


१३ जुलै २०२५

ताई, ताई, ताई!

नावाड्याला नाव कशाला इचारलंस?

ऋत्याचा सगळा वृत्तान्त आला. तो झेरॉक्सच्या दुकानात बसून मालकाच्या कागदावर आपला खेळ छापतोय, बातमीदारागत. वाचून मी कपाळ बडवलं आन हसून हसून पोट बी दुखलं. नदी आडवी आली. नावाडी म्हणला, न्हाई सोडत. आता अठरा ताकदीच्या माणसानं काय करायचं? नाव उचलायची, नावाड्यासकट! आन तू काय म्हणलीस? "पावणं, नाव काय तुमचं? जेवलासा का?"

ऋत्या म्हणला, टाका फासा. पडलं तीन. जिभेत शून्य. नावाड्याला वाटलं हा रेडा माझी चेष्टा करतोय. मधोमध नेऊन नाव उलटी केली. हंबीरला पोहता येत न्हाय, ताकद कितीबी असली तरी पाणी काय कुस्ती खेळत न्हाय. मोनाच्या सगुणानं केसाला धरून ओढला म्हणून तो जिता हाय. सगुणानं! सटरफटर दुकानानं!

आन त्याच्यावर कहर, डाव संपल्यावर जे दोन गुण बक्षीस मिळालं ते तू दोन्ही जिभेत घातलंस. ऋत्यानं इचारलं, का? तर म्हणलीस, "एवढा बाप्या माणूस, साधं जेवलासा का इचारता येऊ नये?"

ताई, असं नसतंय. नेसरीचा आकाराम पैलवान आठव. आयुष्यभर एक डाव शिकला, ढाक. समोरच्याला म्हाईत असायचं ढाकच येणार, गावाला म्हाईत, हलगीवाल्याला बी म्हाईत, तरी समोरचा गडी आभाळ बघायचा. ह्याला म्हणत्यात घर भरणं! धा डाव अर्धं-अर्धं येणारं पैलवान चिक्कार झालं, त्यांची नावं तरी कुणाला सांगता येत्यात का?

ही गोष्ट मी टेबलावर पण सांगितलीती. तवा मोना म्हणली, "आणि जत्रा नसते तेव्हा काय करतो तो?" पुण्यास्नं लग्न होऊन राजवीरच्या घरात आलेल्या बाईनं ढाकेवर प्रश्न काढायचा म्हंजे बघ. उत्तर देण्यासारखा प्रश्नच नव्हता तो.

इथं बी तसंच हाय बघ. ड्रिलवाला ड्रिल मारतोय, सुरुंगवाला सुरुंग भरतोय. डोंगराच्या पोटात जाऊन जोरात एकच काम करायचं. सुरुंगवाला चालत निघाला की साहेब बाजूला सरकतोय. मी ड्रिलवाल्याच्या मागं पाण्याची नळी धरतो. सध्या. पण मला बसवत न्हाय एका जागी, तुला म्हाईत हाय. बोगदा बघण्यासारखा हाय ताई! सुरुंग उडाला की दातात कळतंय. धूर गेल्यावर आत जायचं आन जिथं काल दगड हुता तिथं आज उभं राहायचं. जगात कुणीच तिथं उभं राहिल्यालं नसतंय, पहिला मी! हे तुला समोर बसून सांगायचं हुतं.

असो. पुढचं गुण ताकदीत. तुला शप्पत हाय.

गुंडू


२४ ऑगस्ट २०२५

ताईस,

शप्पत परत घेतली. उलटं कर सगळं. सगळं गुण जिभेत घाल!

काय झालं ते सांगतो. चार दिवस पाऊस असा लागला की रस्ता खचला, काम बंद. माणसं बंकवर पडून छताकडं बघायली. मला तर असं बसणं म्हंजे अंगावर मुंग्या. मी म्हणलं, चला, मी खेळ चालवतो. फासा न्हाय, मग बोल्टाचा मोठा नट घेतला, त्याला सहा बाजू, खिळ्यानं ठिपकं पाडलं आन टेबलावर गडगडवला. खेळायला कोण? नगरचा गुरुप्रसाद, हा इथला स्टोअरकीपर, बारावी झाल्याला. एक नेपाळी, एक बिहारी आन ड्रिलवाला सरदार.

म्हणलं, वाटा गुण. आन ताई, चौघांनी काय केलं असंल? चौघांनी बी ताकद! जिभेत भोपळा. मी खुळ्यागत खूश. म्हणलं, चार हंबीर, आता बघा मजा.

मी त्यांना एका गावात पाठवलं. खजिना गावात पुरलेला. वेशीत दार, दारात एक म्हातारी. म्हातारी एवढंच इचारती, "कुणाकडं आलाय?"

बस्स. चार रेडे दारात उभं. गुरुप्रसादनं बोलायचा प्रयत्न केला, पडला एक. सरदारनं केला, दोन. म्हातारी काय सरकंना. शेवटी सरदार ओरडला, "दरवाजा तोडो!" तोडला. दणक्यात तोडला, चौघं नाचायली. आत गेलं तर गाव रिकामं. लोकं घाबरून मागच्या बाजूनं पळालेली, म्हातारीसकट. चुली पेटलेल्या तशाच, भाकरी तव्यावर. आन खजिना कुठं पुरलाय ते सांगायला गावात एक माणूस न्हाय!

चौघं माझ्याकडं बघायली. मी त्यांच्याकडं. बिहारी म्हणला, "अब?" मी खेळ चालवणारा, मलाच सुचंना. अर्ध्या तासात खेळ संपला. मी गाव रचताना आख्खी रात घालवलीती, ताई. कोण कुठं राहतंय, कुणाची म्हस हरवलीया, कुंभाराची पोरगी कुणावर रुसलीया. त्यातलं एक अक्षर त्यांना कळलं न्हाय, कारण इचारणारंच कुणी नव्हतं.

तवा डोस्क्यात उजेड पडला. तू नावाड्याला नाव इचारलंस ते चुकीचं नव्हतं. त्याला ऋत्यानं नाव दिलेलं असणार! दिलंतं का? इचार ऋत्याला, आन मला कळव. म्हंजे तू नगं कळवूस, ऋत्याला कळवायला सांग.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत बसलो. नेपाळ्यानं सगळ्या घरांत थोडं-थोडं घातलं. पाच मिनिटांत त्यानं म्हातारीच्या पायावर डोकं ठेवलं, आजी म्हणला, आन आख्ख्या टोळीला म्हातारीनं घरात घेतलं. मग रात्री दरोडा पडला, तवा त्या घराचं दार धरलं ते सरदारच्या रेड्यानं. असला खेळ रंगला की जेवणाची घंटा कुणाला ऐकू आली न्हाय.

दसरा झाला की खेळातल्या दुष्मनाच्या, भुजंग देसायाच्या गडावर शेवटचा डाव हाय, ऋत्यानं आधीच सांगितलंय. तिथं हंबीर मरण्याची लई भीती. म्हणून म्हणतो, आता त्याला बोलता करा.

गुंडू


१४ सप्टेंबर २०२५

ताई,

आपलं दोघांचं काय खरं न्हाय.

माझं पत्र मनालीतनं निघायचं हुतं, तवरच तू उचगावात बक्षिसाचं दोन गुण ताकदीत घालून मोकळी! ऋत्यानं लिवलंय, तू म्हणलीस, "पोरगा बोलायला गेला की तोंडावर पडतोय. त्याला जे येतंय ते तरी निवांत करू दे." म्हंजे मी तुझ्या बाजूला आलो आन तू माझ्या बाजूला गेलीस. रस्त्यात गाठ पण पडली न्हाय.

पण आजचं पत्र त्याच्यासाठी न्हाय. मला एक गोष्ट इचारायची हाय, आन ती इचारल्याशिवाय मला नळी पण धरता येईना.

ऋत्यानं मागच्या डावातलं छापून पाठवलंय. भुजंग देसायानं तिघांना जेवायला बोलावलं. देसाई म्हंजे ऋत्याच बोलतोय. तो मुद्दाम हंबीरला इचारतो, "हंबीरराव, तुमचा धाकटा भाऊ तुम्हाला न सांगता मुलूख सोडून गेला म्हणं. उद्या दारात येऊन उभारला, तर काय कराल?"

हंबीरला भाऊच न्हाय, ताई! मी त्याला भाऊ दिलेलाच न्हाय. ऋत्यानं तो तिथं जल्माला घातला, चावट हाय तो.

आन खाली छापलंय, तू पळी खाली ठेवलीस, आन म्हणलीस:

"मी त्याच्याशी बोलणार न्हाय. पण जेवायला वाढतो."

ऋत्यानं इचारलं, "हे हंबीर म्हणतो का ताई म्हणती?" तू म्हणलीस, "फासा टाक, लई शाणा हुईनास." एवढंच. पुढं लढाईच.

हे मी मोठ्यानं वाचलं, कारण आता आमच्या बंकवर तुमचा खेळ सगळ्यांना ऐकायचा असतोय. गुरुप्रसाद लगेच म्हणला, "हंबीरच बोलला की. सरळ आहे. बाई असती तर वाढते म्हणाली असती."

मी म्हणलं, "आमच्याकडं बाया बी वाढतो म्हणत्यात."

"काहीतरीच! बाई कशी वाढतो म्हणेल?"

"म्हणत्यात! माझी ताई येतो म्हणती, जातो म्हणती, ठोकतो म्हणती. उचगावातली पोरगी शाळेत निघाली की आईला सांगती, मी निघालो!"

"मग तिथं बाई बोलली का बाप्या, हे कळतं कसं?"

"दिसतंय की समोर!"

दिसतंय की समोर. आन मी इथं.

ताई, जन्मभर ऐकलं, कधी ध्यानात आलं न्हाय. मोना असती तर एका अक्षरात कळलं असतं. ती सगुणाचं बोलली तरी वाढते, स्वतःचं बोलली तरी वाढते, पण हंबीर झाली असती तर वाढतो म्हणावंच लागलं असतं तिला. तुझं तसं न्हाय. तू हंबीर झालीस तरी तोच शब्द, न्हाई झालीस तरी तोच. टेबलाचा कायदा असा की खुर्चीत बसून जे 'मी' म्हणून बोललं ते पात्राचं. त्या हिशोबानं हंबीर बोलला. पण पळी हंबीरनं कधीपास्नं हातात धरली?

इथं आता दोन पार्ट्या पडल्यात. सरदार म्हणतोय, "बहन बोली है, पक्का." गुरुप्रसाद व्याकरण धरून बसलाय. नेपाळी दोघांना बिड्या देतोय. आन मी त्या एका ओळीवर दिवस काढतोय.

कोण बोललं, ताई? हंबीर, का तू? नगं लिवूस मला. ऋत्याला एक शब्द सांग.

राहिलं हंबीरचं. आता मी काय सांगत न्हाय, ताकदीत घाल न्हाईतर जिभेत, तुला बरोबर वाटंल तसं. फक्त जगव त्याला. तो गेला की ही ओळ पण गेली, पुढं मी कुणाच्या नावानं पत्र लिवू?

गुंडू


१८ ऑक्टोबर २०२५

ताई!

तुझं अक्षर! पाकिटावर ऋत्याचं अक्षर, मी आपलं फोडलं, आन आतनं वहीचं पान, निळ्या शाईत, तुझी ती ओळीच्या खाली घसरणारी अक्षरं. मी गाडीच्या टपावर चढून वाचलं. ड्रायव्हर शिव्या देत हुता, देऊ दे.

आधी ऋत्याचा वृत्तान्त वाचला, कारण तुझं पान एकदम वाचायची छाती झाली न्हाय. काय डाव झाला! पळताना भुजंगानं गडाच्या दाराची तुळई खाली सोडली, आन हंबीरनं ती खांद्यावर झेलली. ऋत्या म्हणला, तीस लागत्यात. आन तू नवं दोन गुण वाटून घातलंतं, एक ताकदीत आन एक जिभेत. माझं पत्र वाचून, व्हय न्हवं? ताकद झालीती एकवीस. फासा पडला नऊ. तीसला तीस! मी हे वाचताना टपावर उभाच राहिलो.

मग सगळी बाहेर पळाली, हंबीर तुळईखाली, आन समोर भालेकरी. राजवीर ओरडला, "टाक तुळई अंगावर, पळ!" मोना म्हणली, "नको, देसाईनं पकडलेलं सगुणाचं पोरगं अजून आत आहे." तू काय केलंस? हाणतो म्हणायला हातच मोकळं नव्हतं. तू हंबीरला बोलता केलास. "दादांनो, तुमची बी घरी कुणीतरी ताट झाकून वाट बघत असंल." जिभेत तीन. पडलं अकरा. पुरलं न्हाय. पण ऋत्यानं लिवलंय की एका भालेकऱ्यानं भाला खाली केला, तेवढ्यात पोरगं बाहेर निसटलं. दुसऱ्यानं मारला. उजव्या हातावर.

आन हंबीरला बाहेर काढला कुणी? सगुणानं. चपळाईत पाच, हातात पाच, पदर फाडून बांधलं, जीव राहिला. मोनाला सांग, जत्रा नसते तवा काय, ह्याचं उत्तर मला अजून येत न्हाय, पण प्रश्न चांगला हाय.

मग तुझं पान वाचलं. आता तोंडपाठ हाय. तुझंच तुला लिवून दाखवतो:

"गुंडूस. हंबीर जिता हाय. उजवा हात गेला. ऋत्या म्हणतोय ताकद निम्मी झाली, न्हाईतर हा सोडा, नवा गडी करा, परत तीस गुण देतो. मी न्हाई म्हणलो. आपला माणूस मोडला म्हणून बदलून आणत न्हाईत. पुढचं तू बघ. आन दुसरं, तू इचारलंस कोण बोललं. हंबीरला भाताचं आधण तरी कळतंय का? तो काय वाढतोय? शाळा सोडलीस ते सोडलीस, अक्कल पण तिथंच ठेवलीस व्हय. येताना सफरचंदं आणू नकोस, इथं मिळत्यात."

हे मी खाली येऊन बंकवर वाचून दाखवलं. सरदारनं मला उचलून गोल फिरवला. गुरुप्रसाद म्हणला, "'मी नाही म्हणलो' लिहिलंय? बहिणीनं?" म्हणलं, व्हय. तो म्हणला, "तुमच्या गावचं व्याकरण मला जमायचं नाही, पण पत्र चांगलं आहे."

येताना. तू येताना लिवलंयस. मी अजून येतो म्हणलोच नव्हतो.

तर येतोय. वर बर्फ पडायला लागलंय, साहेब निम्म्या लोकांना खाली सोडणार हायेत, मी पहिला हात वर केला. दिवाळी गाडीतच जाईल, पण त्याच्यानंतरचा रविवार माझा. परत जाणार का, ते इचारू नगं, मला बी म्हाईत न्हाय. बोगदा अजून फुटायचा राहिलाय आन पलीकडनं पहिला उजेड बघायचाय मला. ते तोंडानं सांगीन. तू बोलू नगंस, तुझा शब्द मोडायचा न्हाय. तू वाढ, मी बोलतो.

खेळाचं असं. हंबीर मी घेतो, हाय तसा, एका हाताचा. नवा गडी नगं. ताकद निम्मी म्हंजे धा-अकरा राहत्यात, जिभेत तीन, चालतंय की! डाव्या हातानं शिकंल काय काय. मला तर आत्ताच चार गोष्टी सुचायल्यात.

आन तू तुझं स्वतःचं पात्र कर. ऋत्याकडनं तीस गुण घे, हक्काचं. कुठल्या घरात घालायचं ते कुणाला इचारू नगंस, मला तर मुळीच नगं. ऋत्या, राजवीर, मोना आन तू, चार खुर्च्या भरल्या. मेव्हण्याला शिरोलीतच ऱ्हा म्हणावं.

आन मी आलो म्हणून गडबडीनं उठशील, तर उठू नगंस. मी उभा राहून खेळतो.

गुंडू